हरवलेला शाखा क्रमांक: स्टोअर्ड प्रोसिजरच्या डिफॉल्ट पॅरामीटरमुळे उघड्या पडलेल्या याद्या

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका बहुशाखीय नागरी सहकारी पतसंस्थेचे आहे. संस्थेचे नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील येथे वगळले आहेत. संस्थेचे ठेव, कर्ज आणि वसुलीचे सर्व काम एका वेब ॲप्लिकेशनवर चालते. ते एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये, सी शार्प भाषेत लिहिलेले आहे आणि त्याच्या मागे एसक्यूएल सर्व्हर २०१४ हा डेटाबेस आहे. मूळ लेखन करणारी मंडळी केव्हाच दुसरीकडे गेली होती आणि या काळात दोन प्रोग्रामर त्याची देखभाल करत होते.

मूळ लेखकांनी एक शिस्त कसोशीने पाळली होती. कोणतेही पान स्वतः एसक्यूएल (डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा) वाक्य जुळवत नसे. डेटाबेसशी होणारा प्रत्येक व्यवहार स्टोअर्ड प्रोसिजरमार्फत (डेटाबेसमध्येच साठवलेल्या तयार आज्ञासंचामार्फत) होई आणि वापरकर्त्याने भरलेली माहिती त्याला पॅरामीटर (वेगळी दिलेली किंमत) म्हणूनच जाई. त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे भरलेल्या माहितीतून परक्या आज्ञा डेटाबेसमध्ये घुसवण्याचा, धोका जवळपास उरला नव्हता आणि मागच्या तपासणीत सल्लागारांनी त्याबद्दल समाधान नोंदवले होते. मात्र पॅरामीटर वापरले आहेत एवढ्यावरच सर्वांचे समाधान झाले. ते पॅरामीटर प्रोसिजरपर्यंत नेमके कोणत्या रूपात पोहोचतात हे कोणी पाहिले नव्हते.

शाखांची विभागणी अशी होती. कर्मचाऱ्याने लॉगिन केले की त्याचा शाखा क्रमांक सेशनमध्ये (त्या लॉगिनपुरत्या सर्व्हरवर राखलेल्या माहितीत) ठेवला जाई. मुदतपूर्तीची यादी, थकबाकीदारांची यादी किंवा दिवसाची जमा-नावे यादी दाखवणारे पान तो क्रमांक सेशनमधून उचलून प्रोसिजरला ‘शाखा’ या पॅरामीटरने देई. मुख्य कार्यालयाला सर्व शाखांची एकत्र यादी लागे. त्यासाठी दुसरी प्रोसिजर लिहिण्याऐवजी त्याच प्रोसिजरमध्ये ‘शाखा’ पॅरामीटरला शून्य ही डिफॉल्ट किंमत (काहीच न दिल्यास वापरली जाणारी) दिली होती आणि अट अशी होती की शाखा शून्य असेल तर सर्व नोंदी द्याव्यात, अन्यथा त्या शाखेच्याच. अशी रचना असंख्य ठिकाणी आढळते. एकाच मजकुराच्या दोन प्रती सांभाळण्यापेक्षा ती सोयीची वाटते, आणि लिहिणाऱ्याला त्या दिवशी त्यात काही वावगे दिसत नाही.

दोन सेटिंग्ज पुढे महत्त्वाच्या ठरल्या. कर्मचाऱ्यांना दिवसातून दोनदा लॉगिन करावे लागू नये म्हणून सेशनची आणि लॉगिन कुकीची (ब्राउझरमध्ये राहणाऱ्या ओळखखुणेची) मुदत दोन्ही आठ तासांवर नेली होती. शिवाय सकाळी पहिले पान उघडायला फार वेळ लागतो अशी तक्रार आल्यामुळे आयआयएस या वेब सर्व्हरमधील ॲप्लिकेशन पूल (ॲप्लिकेशन चालवणारी प्रोसेस) रिकामा असताना बंद होण्याची २० मिनिटांची मूळ मर्यादा काढून टाकली होती.

समस्या

एका शाखेच्या शाखाधिकाऱ्यांनी दुपारी मुदतपूर्तीची यादी छापायला दिली, तेव्हा तिच्यात इतर शाखांतील ठेवीदारांची नावे, रकमा आणि भ्रमणध्वनी क्रमांक आले. त्यांनी तत्काळ मुख्य कार्यालयाला कळवले. मुख्य कार्यालयात ते पान उघडून पाहिले तर सर्व शाखा दिसत होत्या, पण तेथे त्या नेहमीच दिसत असल्याने कोणाला काही बोध झाला नाही. शाखाधिकाऱ्यांनी बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले आणि यादी पूर्ववत झाली. ब्राउझरने जुने पान साठवून ठेवले असावे, असे उत्तर देऊन विषय मिटवण्यात आला.

पुढे निराळ्या शाखेत, निराळ्या वेळी, थकबाकीदारांच्या यादीबाबत हेच घडले. आता मुख्य कार्यालयाचा संशय माणसांकडे वळला: कोणीतरी मुख्य कार्यालयाचा पासवर्ड शाखेत वापरत असावे. सर्वांचे पासवर्ड बदलण्यात आले आणि दोन कर्मचाऱ्यांकडे लेखी खुलासा मागण्यात आला. त्यानंतर तिसऱ्या शाखेतून तशीच तक्रार आली, तेव्हा कोठे प्रकरण प्रोग्रामरांकडे गांभीर्याने सोपवले गेले.

शोध

तक्रारींच्या वेळांत वरवर पाहता काहीच मेळ नव्हता. सुगावा लागला तो सर्व्हरवरील विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये. आयआयएस मूळ सेटिंगनुसार ॲप्लिकेशन पूल दर १७४० मिनिटांनी, म्हणजे २९ तासांनी, नव्याने सुरू करते आणि त्याची नोंद ठेवते. तिन्ही तक्रारी अशा नोंदीनंतर थोड्याच वेळात आलेल्या होत्या. २९ तासांचे चक्र रोज पाच तास पुढे सरकते: सोमवारी सकाळी दहाला पूल नव्याने सुरू झाला तर पुढची वेळ मंगळवारी दुपारी तीन, मग बुधवारी रात्री आठ, नंतर शुक्रवारी पहाटे एक. त्यामुळे घटना कधी भर कामकाजात येई, कधी रात्री कोणाच्या लक्षात न येता जाई. पूल रिकामा असताना बंद होण्याची मर्यादा शाबूत असती, तर तो रोज रात्री आपोआप बंद पडून सकाळी नव्याने सुरू झाला असता आणि २९ तास कधी भरलेच नसते. सकाळच्या संथ पानावरचा तो उपाय असा दूरवर जाऊन भिडला होता.

पूल नव्याने सुरू झाला की त्याच्या स्मृतीत ठेवलेले सर्व सेशन पुसले जातात. लॉगिन कुकी मात्र कर्मचाऱ्याच्या ब्राउझरमध्ये असते आणि ती वैधच राहते. दोन्हींची मुदत आठ तासच असली तरी एकीचा ठेवा सर्व्हरच्या स्मृतीत आणि दुसरीचा ब्राउझरमध्ये, त्यामुळे मुदती समान केल्याने त्यांचे आयुष्य समान झाले नव्हते. कर्मचारी ओळखलेला, पण त्याची शाखा अज्ञात, अशी स्थिती त्या फटीत निर्माण होत होती.

प्रोग्रामरांनी चाचणी सर्व्हरवर शाखेच्या नावाने लॉगिन करून पूल हाताने नव्याने सुरू केला आणि यादीचे पान ताजे केले. सर्व शाखांची यादी समोर आली. त्याच वेळी एसक्यूएल प्रोफायलर (डेटाबेसकडे येणाऱ्या हाका दाखवणारे साधन) चालू ठेवला होता; त्यात प्रोसिजरच्या हाकेसमोर ‘शाखा’ पॅरामीटरची किंमत शून्य नव्हती, नलही (‘किंमतच नाही’ ही खूण) नव्हती, तेथे ‘डिफॉल्ट’ हा शब्द होता.

या एका शब्दात सगळे उत्तर आहे, म्हणून तो नीट उलगडायला हवा. सी शार्पमधील नल आणि डेटाबेसमधील नल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डेटाबेसला नल पाठवायची असेल तर पॅरामीटरला डीबीनल ही खास किंमत द्यावी लागते. सी शार्पची साधी नल दिली तर एडीओ डॉट नेट (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) तिचा अर्थ ‘या पॅरामीटरची डिफॉल्ट किंमत वापरा’ असा लावते, आणि हे मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजात स्पष्ट लिहिलेले वर्तन आहे. तो दोष नव्हे. प्रोसिजरमध्ये डिफॉल्ट नसेल तर पॅरामीटर पुरवला नाही अशी २०१ क्रमांकाची चूक येते आणि काम थांबते. डिफॉल्ट असेल तर काम निमूटपणे पुढे जाते. पानाने सेशनमधील वस्तू, ती आहे की नाही हे न पाहता, जशीच्या तशी पॅरामीटरला दिली होती. सेशन गेले, वस्तू नल झाली, नलचे डिफॉल्ट झाले, डिफॉल्टचे शून्य झाले आणि शून्याचा अर्थ ‘सर्व शाखा’ असा होता.

मग हे आणखी वारंवार का घडले नाही? नोंदी करण्याच्या बहुतेक पानांवर सेशनमधील वस्तू थेट पूर्णांकात रूपांतरित केली जात होती. तेथे नल आली की पान चूक दाखवून कोसळे, कर्मचारी वैतागून पुन्हा लॉगिन करी आणि सेशन पुन्हा भरे. कोसळणे हेच त्या पानांचे संरक्षण होते. पूल नव्याने सुरू झाल्यावर ज्याने पहिल्यांदा यादीचेच पान उघडले, त्यालाच फक्त परक्या शाखा दिसत.

पर्यायांचा विचार

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पूल नव्याने सुरू होण्याची वेळ पहाटे तीनला बांधून टाकणे. तो त्याच दिवशी केला गेला. तात्पुरता उपाय म्हणून तो योग्यच होता, पण त्याच्या मर्यादा उघड होत्या: नवीन आवृत्ती चढवताना, कॉन्फिगरेशन फाइल बदलताना किंवा प्रोसेस अचानक बंद पडल्यास सेशन तसेच जाते. मागील काही महिन्यांत नवीन आवृत्ती दुपारीही चढवली गेली होती, म्हणजे गळतीच्या संधी २९ तासांच्या चक्राबाहेरही होत्या.

दुसरा पर्याय सेशन स्मृतीतून काढून डेटाबेसमध्ये ठेवण्याचा होता. त्यासाठी सेशनमध्ये ठेवलेल्या सर्व वस्तू सिरियलाइझ होण्याजोग्या (साठवता येईल अशा रूपात बदलण्याजोग्या) असाव्या लागतात आणि येथे अनेक वस्तू तशा नव्हत्या. शिवाय हा पर्याय शाखा क्रमांक हरवण्याची शक्यता कमी करतो. हरवल्यावर काय होते ते बदलत नाही.

तिसरा पर्याय धाकट्या प्रोग्रामरने सुचवला आणि तो प्रथमदर्शनी आकर्षक होता: पॅरामीटर जोडणारे एक सामाईक फंक्शन लिहावे आणि त्यात प्रत्येक नलचे डीबीनलमध्ये रूपांतर करावे. तो नाकारण्याचे कारण प्रोसिजर वाचल्यावर कळले. काही प्रोसिजरमध्ये शून्याऐवजी नलचाच अर्थ ‘सर्व शाखा’ असा होता, म्हणजे तेथे हे फंक्शन गळती पक्की करून ठेवणार होते. उलट सभासद शोधण्याच्या पानावर नाव, गाव, खाते क्रमांक यांपैकी काहीही रिकामे ठेवण्याची मुभा होती आणि तेथील प्रोसिजर डिफॉल्टवर रास्तपणे अवलंबून होत्या. सरसकट रूपांतर केले असते तर ते पान निष्कारण मोडले असते.

येथे चर्चेला खरे वळण मिळाले. डिफॉल्ट किंमत सरसकट वाईट असे म्हणून चालणार नव्हते. वापरकर्त्याला जे पाहण्याचा अधिकार आहेच, त्यातून निवड करणाऱ्या पॅरामीटरला डिफॉल्ट असायला हरकत नाही. नाव दिले नाही तर सगळी नावे दिसतील, इतकेच. पण ज्या पॅरामीटरवरून अधिकाराची सीमा ठरते, त्याला डिफॉल्ट असताच कामा नये, आणि त्याची एखादी किंमत ‘सगळे’ या अर्थाने राखून ठेवणे तर त्याहून धोक्याचे. ‘शाखा’ हा पॅरामीटर दिसायला पहिल्या प्रकारचा होता आणि कामाने दुसऱ्या प्रकारचा.

चौथा पर्याय डेटाबेसच्या पातळीवर पंक्तिनिहाय सुरक्षा (कोणाला कोणत्या नोंदी दिसाव्यात हे डेटाबेसनेच ठरवणे) लावण्याचा होता. ती सोय एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून आली आणि संस्थेचा सर्व्हर २०१४ चा असल्याने तो विचार तेथेच थांबला. मुख्य कार्यालयासाठी वेगळ्या प्रोसिजर करून त्यांची परवानगी वेगळी ठेवण्याची सूचनाही आली. परंतु वेब ॲप्लिकेशन सर्व कर्मचाऱ्यांसाठी डेटाबेसचे एकच लॉगिन वापरत असल्याने डेटाबेसला शाखा आणि मुख्य कार्यालय यांतला फरक कळलाच नसता.

केलेली कृती

कामाचे दोन टप्पे ठरले. पहिला टप्पा, यादी देणाऱ्या प्रोसिजरमधील ‘शाखा’ पॅरामीटरचे डिफॉल्ट काढणे, जेणेकरून क्रमांक हरवला तर पान कोसळेल. दुसरा टप्पा, शाखा क्रमांक पानाकडून घेणेच बंद करणे.

पहिल्याच टप्प्यात एक अडसर आला. कोणत्या प्रोसिजरमध्ये डिफॉल्ट आहे हे सिस्टिम कॅटलॉगमधील (डेटाबेसने स्वतःबद्दल ठेवलेल्या तक्त्यांमधील) पॅरामीटरांच्या यादीवरून कळेल असे वाटले होते. त्या यादीत डिफॉल्ट आहे की नाही असा रकानाही आहे, पण टी-एसक्यूएलमध्ये (एसक्यूएल सर्व्हरच्या स्वतःच्या एसक्यूएलमध्ये) लिहिलेल्या प्रोसिजरसाठी तो नेहमी शून्यच असतो. अखेर प्रोसिजरांचा मजकूर काढून तो डोळ्यांनी वाचावा लागला. कंटाळवाणे काम होते, परंतु शून्य म्हणजे सर्व आणि नल म्हणजे सर्व असे दोन संकेत एकाच डेटाबेसमध्ये नांदत होते हे त्या वाचनातूनच समोर आले.

डिफॉल्ट रात्री काढले आणि सकाळी मुख्य कार्यालयाची याद्यांची पाने २०१ क्रमांकाच्या चुकीने बंद पडली. हे अनपेक्षित होते, कारण त्या पानांच्या कोडमध्ये ‘शाखा’ पॅरामीटर तयार करताना शून्य हा आकडा स्पष्ट लिहिलेला दिसत होता. कारण भाषेच्या एका बारीक नियमात होते. एसक्यूएल पॅरामीटर तयार करण्याच्या दोन पद्धती आहेत, एकीत नावापुढे किंमत देतात, दुसरीत नावापुढे डेटाचा प्रकार देतात. सी शार्पमध्ये शून्य हा स्थिरांक कोणत्याही एनम प्रकारात (ठरावीक नावांच्या यादीत; डेटाचे प्रकारही अशाच यादीत असतात) आपोआप बसतो, म्हणून कंपायलरने त्या शून्याला किंमत न मानता डेटाचा प्रकार मानले आणि दुसरी पद्धत निवडली. पॅरामीटर तयार झाला, पण त्याची किंमत नलच राहिली. म्हणजे मुख्य कार्यालयाच्या पानांनी आजवर एकदाही शून्य पाठवले नव्हते. ती पाने इतकी वर्षे केवळ डिफॉल्टच्या आधाराने बरोबर चालत होती.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड क्षण होता. मुख्य कार्यालयातून फोनवर फोन येत होते आणि डिफॉल्ट परत ठेवणे हे काही मिनिटांचे काम होते. थोरल्या प्रोग्रामरने ते करण्यास नकार दिला आणि मुख्य कार्यालयाला दुपारपर्यंत याद्यांविना काम भागवावे लागले. त्या वेळात पॅरामीटर आधी पूर्णांक या प्रकाराचा जाहीर करायचा आणि मग त्याला किंमत द्यायची, अशी दुरुस्ती करण्यात आली. लेखकाच्या मते हा नकार योग्य होता. डिफॉल्ट परत आले असते तर ते पुन्हा काढण्याचे धैर्य पुढचे कित्येक महिने कोणाला झाले नसते.

त्याच शोधात आणखी तीन पाने सापडली, ज्यांत सेशनमधील वस्तू कन्व्हर्ट वर्गाच्या फंक्शनने पूर्णांकात बदलली होती. हे फंक्शन नल मिळाली तर चूक न दाखवता शून्य परत देते. तेथे डिफॉल्ट काढूनही गळती थांबली नसती, कारण पान खरोखरीचे शून्य पाठवत होते. या तीन पानांनी दुसऱ्या टप्प्याची गरज निर्विवाद केली.

दुसऱ्या टप्प्यात प्रोसिजरला शाखेऐवजी वापरकर्त्याचे नाव देण्याचे ठरले. ते लॉगिन कुकीतूनच येते, त्यामुळे ओळख आहे पण नाव नाही अशी स्थिती उद्भवत नाही. प्रोसिजर स्वतः वापरकर्त्यांच्या तक्त्यातून शाखा शोधते, नोंद मिळाली नाही तर चूक फेकते, आणि सर्व शाखा पाहण्याचा हक्क हा त्या तक्त्यातला स्वतंत्र रकाना आहे, शून्य हा आकडा नव्हे. शाखा लॉगिन कुकीतच भरून ठेवावी अशीही एक सूचना होती. परंतु कर्मचाऱ्याची बदली झाल्यावर जुनी शाखा आठ तास कुकीत राहिली असती, म्हणून ती मागे पडली.

चढवण्याचा क्रमही विचार करून ठरवावा लागला. प्रोसिजर आधी बदलल्या तर जुनी पाने मोडणार आणि पाने आधी बदलली तर जुन्या प्रोसिजर अनोळखी पॅरामीटर नाकारणार. म्हणून नवीन नावांच्या प्रोसिजर जुन्यांच्या शेजारी तयार केल्या, एकेक यादी त्यांच्याकडे वळवली आणि कोणी हाक मारत नाही याची खात्री झाल्यावर जुन्या काढून टाकल्या.

परिणाम

याद्यांमध्ये परक्या शाखा दिसण्याचे प्रकार थांबले. सेशन गेले की आता लॉगिनचे पान येते. अर्धवट भरलेला अर्ज त्यात वाया जातो अशी कर्मचाऱ्यांची नवी तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

आधी नेमकी किती माहिती बाहेर गेली याचे उत्तर संचालक मंडळाला हवे होते. आयआयएसच्या लॉगमध्ये पाठवलेल्या बाइट्सची संख्या लिहिण्याची सोय आहे, पण ती मूळ सेटिंगमध्ये चालू नसते आणि येथेही नव्हती. प्रत्येक मागणीला लागलेला वेळ मात्र लिहिलेला होता. पूल नव्याने सुरू झाल्यानंतर एखाद्या शाखेतून आलेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ घेतलेली यादीची मागणी, एवढ्या आधारावर संशयित छपाया हुडकल्या आणि त्या शाखांकडून कागद परत मागवले. हा अंदाज होता, पुरावा नव्हे, आणि मंडळाला तसे लेखी सांगण्यात आले.

एक अनपेक्षित फायदाही झाला. ‘शून्य असेल तर सर्व’ या अटीमुळे दोन्ही प्रकारच्या मागण्यांना क्वेरीची एकच साठवलेली योजना वापरली जाई. आधी मुख्य कार्यालयाची मागणी आली असेल तर शाखेच्या छोट्या यादीलाही संपूर्ण तक्ता चाळला जाई. अट गेल्यावर शाखांच्या याद्या जाणवण्याइतक्या लवकर येऊ लागल्या.

प्रोसिजर वाचताना दुसरा एक दोषही हाती लागला, तो वेगळा असल्याने मुद्दाम वेगळ्या आवृत्तीत दुरुस्त केला. काही प्रोसिजरमध्ये नावाच्या पॅरामीटरची लांबी तक्त्यातील रकान्यापेक्षा कमी होती. पॅरामीटरच्या लांबीत न मावणारा मजकूर एसक्यूएल सर्व्हर कोणतीही चूक न दाखवता कापतो. देवनागरीत हे लवकर घडते, कारण ‘ज्ञानेश्वर’ या चार अक्षरांच्या नावाला एनव्हारकॅर या युनिकोड मजकुराच्या प्रकारात दहा जागा लागतात. लांब संयुक्त नावांची शेवटची मात्रा का गळते हे कोडे शाखांमध्ये जुने होते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या तक्रारीनंतर शाखाधिकाऱ्यांना ‘बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा’ असे सांगितले गेले, आणि त्यासरशी पुरावाही पुसला गेला. त्या क्षणी लॉगिन न सोडता दुसरे एखादे पान उघडायला सांगितले असते, तर ते कोसळले असते आणि सेशन गेले आहे हे तेव्हाच समजले असते.

कर्मचाऱ्यांकडे खुलासा मागण्याचा निर्णय घाईचा होता. प्रोग्रामरांचे मत घेण्याआधी तो घेतला गेला, आणि खुलासा मागे घेतल्याचे पत्र द्यायलाही विलंब झाला. पासवर्ड वापराच्या नोंदी तपासल्या असत्या तर मुख्य कार्यालयाच्या नावाने शाखेतून लॉगिन झालेच नाही हे तेव्हाच दिसले असते.

डिफॉल्ट काढण्याआधी मुख्य कार्यालयाची पाने चाचणी सर्व्हरवर चालवून पाहिली गेली नाहीत, कारण कोडमध्ये शून्य डोळ्यांना दिसत होते. प्रोफायलर हाताशी असताना प्रत्येक पानाची हाक एकदा त्यात पाहणे अर्ध्या दिवसाचे काम होते. आता प्रत्येक नव्या प्रोसिजरसाठी तीन चाचण्या ठरल्या आहेत: पॅरामीटर अजिबात न देता, डीबीनल देऊन, आणि तक्त्यात नसलेले वापरकर्त्याचे नाव देऊन. तिन्हींत प्रोसिजरने चूक फेकली पाहिजे.

पूल नव्याने सुरू होण्याची वेळ पहाटे बांधण्याच्या निर्णयाबाबत अजूनही दुमत आहे. त्यामुळे गळती लगेच मंदावली हे खरे, पण लक्षण नाहीसे झाल्यावर दुसऱ्या टप्प्यासाठी वेळ मिळवणे प्रोग्रामरांना जड गेले आणि तो टप्पा लांबला.

एसक्यूएल सर्व्हर २०१४ ची विस्तारित मदत जुलै २०२४ मध्ये संपली असल्याने सर्व्हर बदलण्याचा प्रस्ताव मंडळापुढे आहे. तो मंजूर झाल्यास पंक्तिनिहाय सुरक्षेचा पर्याय पुन्हा तपासला जाईल. रात्री आपोआप चालणाऱ्या अहवालांच्या प्रोसिजरमध्ये शून्य म्हणजे सर्व हा संकेत अद्याप तसाच आहे. त्यांना वेब ॲप्लिकेशनच्या लॉगिनवरून हाक मारण्याची परवानगी तेवढी काढून घेतली आहे.